मुंबईतील मिशनच्या मुलींच्या शाळा : ऋण किती, हिशेब कसा?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दर वर्षी ३ जानेवारीला आपण वस्त्यावस्त्यांत सावित्रीबाईंची जयंती करतो. कार्यक्रम संपला की एक प्रश्न हमखास येतो : "पण ताई, मुलींची पहिली शाळा तर मिशनऱ्यांनी काढली होती ना?" विचारणारा कधी खरोखर जाणून घ्यायला विचारतो, कधी त्याला सावित्रीबाईंचं मोठेपण कमी करायचं असतं. दुसऱ्या बाजूनं दुसरा प्रश्न येतो : "मिशनच्या शाळा म्हणजे बाटवायचे कारखाने. त्यांचं कसलं कौतुक करता?" दोन्ही वेळा आपल्या कार्यकर्त्या गडबडतात. कारण आपल्याकडे घोषणा असतात, तपशील नसतो. म्हणून आज मी मुंबईपुरता तपशील मांडणार आहे. पुणं आणि नगर अधूनमधून येतील, कारण त्यांच्याशिवाय मुंबईची गोष्ट पुरी होत नाही.

सुरुवात कुठून झाली?

ईस्ट इंडिया कंपनीला सुरुवातीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही भीती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते. त्याच वर्षी पार्लमेंटनं कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि ते राहिले. यांच्या मिशनला पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले. नावात 'मराठी' आहे हे लक्षात ठेवा. या लोकांनी काम केलं ते मराठीतून. छापखाना काढला तोही मराठी छापण्यासाठी.

आधी मुलांच्या शाळा निघाल्या. १८२४ साली याच मिशननं मुंबईत मुलींची शाळा उघडली. पश्चिम भारतात इथल्या मुलींसाठी चालवलेली ही पहिली शाळा मानली जाते. म्हणजे भिडेवाड्यातल्या शाळेच्या २४ वर्षं आधी. हे सत्य आहे आणि ते सांगायला आपण कचरू नये.

१८२७ च्या डिसेंबरात सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका मुंबईत आली. अविवाहित बाईला एकटीनं परदेशी धाडायला तिच्या मंडळाची सहसा तयारी नसे. मुलींच्या शाळांवर देखरेख करायला बाई हवी, या निकडीपोटी तिला पाठवलं गेलं. १८३९ पासून ती नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली.

१८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत आले. मार्गारेट स्वतः शिकलेली होती. ती मराठी शिकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून तिनं मुलींच्या शाळा काढायला सुरुवात केली. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपलं स्थापनावर्ष १८३२ सांगते, ते या बाईच्या कामातून आलेलं. १८३५ च्या एप्रिलमध्ये मार्गारेट वारली. मुंबईत तिला जेमतेम सहा वर्षं मिळाली. तिच्या मागे तिच्या दोन बहिणींनी इथे येऊन ते काम पुढे नेलं.

आता यात आपल्या दृष्टीनं बघण्यासारखी गोष्ट काय? विल्सनसाहेबांचं नाव कॉलेजला आहे, शहराच्या इतिहासात आहे. मार्गारेट विल्सन हे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं? मिशनच्या कागदांत मिशनऱ्याची बायको म्हणजे 'सहाय्यक'. सिंथिया फरारसारखी आयुष्य वेचणारी बाईसुद्धा सहाय्यकच. शाळा बायकांनी चालवायच्या आणि अहवालावर सही पुरुषानं करायची, ही रीत आपल्या ओळखीचीच आहे. परक्या देशातून आलेली होती म्हणून ती बाई पुरुषप्रधानतेतून सुटली होती असं नाही.

शाळा चालायची कशी?

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इमारत, घंटा, गणवेश येतो. तसलं काही नव्हतं. भाड्याची एखादी खोली, कुणाच्या घराची ओसरी. शिकवायला बहुधा पुरुष पंतोजी, कारण लिहितावाचता येणारी बाई आणायची कुठून? पंतोजी पुष्कळदा ब्राह्मण. त्याची नोकरी मुलींच्या हजेरीवर अवलंबून. घरोघर फिरून मुलींना गोळा करून आणायला बाई ठेवावी लागे. मुलीला कपडा, खाऊ, काहीतरी द्यावं लागे. ती शाळेत गेली की घरात धाकटं भावंडं सांभाळायला कोणी नसे, पाणी भरायला कोणी नसे. तिच्या श्रमाची किंमत घराला भरून द्यावी लागत होती, असा याचा अर्थ. आपण आज वस्तीत बालवाडी चालवतो तेव्हा हीच अडचण येते.

शिकवत काय? मराठी वाचन, लेखन, थोडं गणित, शिवणकाम आणि ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं. धर्मशिक्षण हा ऐच्छिक विषय नव्हता, ते शाळेचं प्रयोजनच होतं. मिशनऱ्यांनी ते कधी लपवलं नाही. आपण लपवू नये.

येत कोण? उच्चवर्णीय श्रीमंतांच्या मुली सहसा येत नसत. येत त्या गरिबांच्या. बेने इस्राएल कुटुंबांतली मुलं-मुली मिशनच्या शाळांत बरीच होती. अनाथ मुली होत्या. आणि या सगळ्या मुली फार थोडा काळ शाळेत टिकत. दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आत लग्न, की शाळा सुटली. अक्षरं जुळवता येऊ लागली की पाटी खाली ठेवायची वेळ येई. त्यामुळे शाळांची संख्या कितीही मोठी दिसली, तरी पुढे जाऊन लिहिणारी, शिकवणारी बाई त्यांतून तयार व्हायला पिढी-दोन पिढ्या जाव्या लागल्या. आकड्यांच्या मागे बालविवाह उभा होता. तो विषय सोडून केवळ शाळांची गणती करण्यात अर्थ नाही.

भीती आणि चढाओढ

१८३९ साली विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शहरात हलकल्लोळ झाला. प्रकरण कोर्टात गेलं. पालकांनी मुलं काढून घेतली. मुलांच्या बाबतीत एवढं, तर मुलींच्या बाबतीत भीती केवढी असेल! मुलगी म्हणजे घराण्याची अब्रू. ती बाटली तर सगळं घराणं बाटलं.

पण या भीतीनं एक काम केलं. इथल्या शिकलेल्या पुरुषांना स्वतः शाळा काढाव्या लागल्या. १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेनं मुंबईत मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी त्यांत होते. जगन्नाथ शंकरशेट यांचा या कामाला पाठिंबा होता. या शाळांत धर्मशिक्षण नव्हतं. मिशनच्या शाळा नसत्या तर या शाळा निघाल्याच नसत्या असं मी म्हणणार नाही. पण मिशनची शाळा समोर होती म्हणून घाई झाली, हे नक्की.

आता सावित्रीबाईंकडे येऊ. जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे की नगरच्या अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून ते प्रभावित झाले. त्या शाळा फरारबाईंच्या. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ साली पुण्यात शाळा निघाली ती ही ओळख घेऊन. मग सावित्रीबाईंचं मोठेपण कमी होतं का? मुळीच नाही. फरारबाईंच्या मागे समुद्रापलीकडचं मंडळ होतं, पैसा होता, गोऱ्या कातडीचं संरक्षण होतं. सावित्रीबाईंच्या मागे यातलं काही नव्हतं. त्यांना शाळेपायी घर सोडावं लागलं. शिकवायला पंतोजी न ठेवता इथल्याच मातीतली शूद्र समाजातली बाई उभी राहिली, आणि शिकण्यासाठी धर्म बदलण्याची किंवा परक्या धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करण्याची गरज उरली नाही. हा फरक फार मोठा आहे. 'पहिली शाळा कोणाची' या प्रश्नाला म्हणूनच एका ओळीचं उत्तर द्यायचं नाही. मिशननं शाळा आधी काढली. ती शाळा आपली कशी होते, हे सावित्रीबाईंनी दाखवलं.

या नात्याचं आणखी एक उदाहरण. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये छापला 'ज्ञानोदय'नं, म्हणजे अमेरिकन मिशनच्या पत्रानं. शाळा फुल्यांची, लेखणी मुक्ताची, कागद मिशनचा. यातली एक गोष्ट काढून टाकली तर तो निबंध आपल्या हाती येता ना.

आणि दुसरं टोक बघा. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. सरकारचं दार अस्पृश्यांना बंद होतं तेव्हा त्यांना पाटीवर बसवणाऱ्या शाळा बोटावर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांत मिशनच्या शाळा होत्या. हे ज्यांना आठवत नाही, त्यांना मिशनवर टीका करण्याचा नैतिक अधिकार किती, हे त्यांनीच ठरवावं.

पैसा आणि अटी

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानं खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं धोरण आणलं. मुलींच्या शिक्षणाला पाठिंबाही जाहीर केला. अनुदान देताना सरकार धर्मशिक्षणाकडे बघणार नाही, बाकीचे विषय कसे शिकवता तेवढं तपासणार. मिशनच्या शाळांना याचा फायदा झाला. त्या टिकल्या, वाढल्या. शतकाच्या उत्तरार्धात झनाना मिशनच्या बायका घरोघर जाऊन शिकवू लागल्या. रोमन कॅथलिक जोगिणींच्या कॉन्व्हेंट शाळा उभ्या राहिल्या.

पण मदतीबरोबर अट असायची. आनंदीबाई जोशींचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला एक भाग आपण विसरतो. बायकोला शिकवायचं म्हणून गोपाळरावांनी कोल्हापूरच्या मिशनशी संबंधित असलेल्या वाइल्डर यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं त्याचा मतलब असा की ख्रिस्ती व्हाल तर मदत करू. जोशी पतिपत्नींनी ते मानलं नाही. तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापून आला, तो अमेरिकेत कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी बिनशर्त हात पुढे केला. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. एकाच समाजातून अट आली आणि त्याच समाजातल्या एका बाईकडून अट नसलेली मैत्री आली. 'मिशनरी' आणि 'पाश्चात्त्य' असे सरसकट शब्द वापरताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

दुसरं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. ती मिशनची शाळा नव्हती. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या, पैसा अमेरिकेतल्या मदतमंडळाचा होता, पण सदनात धर्माच्या बाबतीत सक्ती नसेल असा शब्द होता. पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. रमाबाईंनी शब्द मोडला की नाही, केसरीनं अतिरेक केला की नाही. मला यात एकच विचारायचं आहे. त्या मुलींना कोणी विचारलं? त्या बालविधवा होत्या. ज्या घरांनी त्यांचं केशवपन केलं किंवा करायचं ठरवलं होतं, ती घरं एकाएकी त्यांच्या धर्माची राखणदार झाली. त्यांना न्यायला गाड्या आल्या. दारात उभं राहून प्रार्थना ऐकायची की नाही, एवढं ठरवण्याचा हक्कही त्यांचा नव्हता. धर्मांतर हा आजही गरमागरमीचा विषय आहे, आणि आजही त्यात 'आमच्या मुली' असं म्हटलं जातं. मुलगी कुणाची, हा प्रश्न तेव्हाही पुरुषांनी आपसात मिटवला.

याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. शिकलेली बाई कुठल्या वाटेनं जाईल हे शाळा काढणाऱ्याच्या हाती राहत नाही, याचा याहून चांगला दाखला कुठला?

दोन प्रवाह

आता मुंबईतल्या एका गैरसमजाबद्दल. आज कोणी 'मिशनची शाळा' म्हटलं की आपल्या मनात इंग्रजी माध्यम, भरपूर फी, टापटीप गणवेश येतो. 'कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली' हे लग्नाच्या जाहिरातीतलं विशेषण झालं. पण सुरुवातीपासून इथे दोन वेगळे प्रवाह होते. एक गोऱ्या सैनिकांच्या आणि नोकरदारांच्या मुलांसाठी चर्चच्या आधारानं निघालेल्या शाळांचा. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या भायखळ्याच्या शाळा या प्रवाहातल्या. दुसरा आत्ता सांगितला तो, मराठी माध्यमाचा, गरीब वस्तीतला.

पुढे इंग्रजीला भाव आला. पहिल्या प्रवाहातल्या शाळांत इथल्या श्रीमंतांनी मुली घातल्या आणि त्या शाळा प्रतिष्ठेच्या झाल्या. दुसऱ्या प्रवाहातल्या शाळांची आठवण पुसट झाली. म्हणजे ज्या मिशननं 'मराठी' हे नाव घेतलं होतं, त्याचं मराठी काम विसरलं गेलं आणि मिशन म्हणजे इंग्रजी असं समीकरण उरलं. हा बदल केवळ भाषेचा नाही, वर्गाचा आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं विनाअनुदानित खाजगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बळ घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळलं. अल्पसंख्याकांचे घटनात्मक हक्क मला मोलाचे वाटतात, आजच्या वातावरणात तर अधिकच. पण ज्या शाळा कपडा आणि खाऊ देऊन गरिबांच्या मुली गोळा करून सुरू झाल्या, त्यांच्या वारसांनी कायद्याची वाट न बघता आपणहून तेवढ्या जागा राखाव्यात, अशी मागणी आपण मैत्रीच्या नात्यानं का करू नये?

ज्यांची नोंद नाही त्या

शेवटी ज्यांच्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं त्यांच्याविषयी. मिशनच्या शाळांतून आणि वसतिगृहांतून शिकून निघालेल्या मराठी ख्रिस्ती बायका. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेल्या कितीतरी मुली मिशनच्या आश्रयाला आल्या. पुष्कळ जणी महार-मांग कुटुंबांतल्या. त्यांतून मास्तरीणबाई झाल्या, नर्सेस झाल्या, 'बायबलबाई' म्हणून खेडोपाडी हिंडल्या. पगारावर काम करणाऱ्या, घराबाहेर एकटीनं वावरणाऱ्या मराठी बायकांच्या पहिल्या पिढीत त्यांचा वाटा मोठा आहे. नर्सिंगचं काम सवर्णांना विटाळाचं वाटत होतं, ते या बायकांनी उचललं.

पण त्या कुणाच्या इतिहासात बसतात? सवर्ण सुधारकांच्या इतिहासात त्या 'बाटग्या'. मिशनच्या इतिहासात त्या 'आमच्या कामाचं फळ'. दलित चळवळीच्या इतिहासात त्या धर्मांतरामुळे बाजूला पडल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. मग कागदावर त्या दलितही नाहीत. आणि आपण, स्त्रीमुक्तीवाल्या? आपल्या प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर सावित्रीबाई आहेत, रमाबाई आहेत, आनंदीबाई आहेत. मास्तरीणबाईंचा तक्ता नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

एक, आपापल्या भागातल्या जुन्या मिशन शाळांत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटा आणि जुनी हजेरीबुकं, दाखल्यांची रजिस्टरं जपून ठेवायला सांगा. इमारतीची दुरुस्ती निघाली की असले कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. त्यांत मुलीचं नाव, जात, बापाचा धंदा आणि शाळा सोडण्याचं कारण असतं. 'लग्न' हा शब्द किती वेळा येतो एवढं मोजलं तरी आपल्या चळवळीला पुरावा मिळेल.

दोन, या शाळांत शिकलेल्या आणि शिकवलेल्या वयस्क बायकांच्या मुलाखती घ्या. शिक्षिकांच्याच नव्हे, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्याही. त्यांना धर्माविषयी विचारा, पण आधी विचारा की भूक भागत होती का, मारत होते का, जातीवरून वेगळं बसवत होते का, घरी जावंसं वाटायचं का. चांगलं आणि वाईट दोन्ही लिहून घ्या. नको असेल त्या बाईचं नाव छापू नका.

तीन, व्यासपीठावर 'पहिली कोण' या भांडणात पडू नका. १८२४, १८४८ आणि १८४९ ही तिन्ही सालं सांगा, आणि प्रत्येक साली दार कोणासाठी उघडलं, कोणत्या अटीवर उघडलं आणि कोण बाहेर राहिलं, हे सांगा. कुठलीही शाळा तपासायला हे तीन प्रश्न पुरतात. मिशनच्या शाळांना ते विचारू, तसेच आपल्या समाजसुधारकांच्या शाळांनाही विचारू, आणि आपण स्वतः चालवतो त्या अभ्यासिकांना आणि बालवाड्यांनाही विचारू.

ऋण मान्य करायला आपल्याला लाज वाटण्याचं कारण नाही. ज्यांचं ऋण आहे त्यांना जाब विचारायलाही नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या भागातल्या एका जुन्या शाळेची माहिती आणायची, एवढं आज ठरवू या.